तुह्या आवाजानं मागतलेलं मत

धनसिंग, तू गेला त्या सकाळी नेरमधे पहिला घोळ झाला तो हा, की तुह्या मैतीचं गावाले सांगणार कोण? इतकी वर्षं कोणी गेलं की लोक तुह्याच दारात येत. तू जीपवर भोंगा चढवत होता, घसा खाकरत होता, आणि 'अत्यंत दुःखद' हा शब्द असा म्हणत होता की मेलेल्याशी ज्याचं भांडण होतं, तोही मुकाट्यानं चपला पायात घाले. आता तूच निजलेला. तुह्या जावयानं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, आणा इकडे तो माईक. सारी जिंदगी तुह्या बाजूले बसून गिअर टाकला मी, माईक काही कधी हातात घेतला नव्हता. 'आपला धनसिंग' एवढं म्हटलं, आणि पुढचं आलंच नाही बे. कापूस मार्केटपासून बसस्टँडपर्यंत तेवढंच ऐकू गेलं लोकायले. तेवढ्यातच सगळे समजले.

हे लिहिणं काही माहं काम नाही. मी रशीद मिस्त्री, जीपा उघडाच्या आणि पुन्हा बसवाच्या, एवढंच मले येते. मी बोलून राह्यलो आणि माही नात लिहून घेऊन राह्यली. कॉलेजात जाते ती. मधे मधे टोकते, 'नाना, असं नाही लिहीत.' मी म्हणतो, लिही. धनसिंगले असंच समजते.

लोकायले वाटते, यवतमाळच्या खासदारकीचा इतिहास म्हणजे कोण आलं आणि कोण पडलं. ते तर जुन्या पेपरातही भेटते. माह्याजवळचा इतिहास दुसरा आहे. मी तो जीपच्या समोरच्या काचेतून पाह्यला आणि कानानं ऐकला. कागदावर शिक्का माराचे दिवस होते तेव्हापासून तर बटनापर्यंत, आणि बटनाच्या बाजूले चिठ्ठी पडाले लागली तिथपर्यंत, जो कोणी उभा राह्यला त्याचं नाव तांड्या-तांड्यात तू नेलं. आणि तुले मी नेलं. पक्षाचं आपल्याले काही नव्हतं. सकाळी एकाचा झेंडा, दुपारी दुसऱ्याचा. भाकर खाता खाता आपण झेंडा बदलत होतो. कळंबले तर प्रत्येक उमेदवार चिंतामणीच्या दर्शनाले थांबे. तो आत गणपतीजवळ काय मागे ते त्याले मालूम. आपण बाहेर भजे खात होतो, आणि तू प्रत्येक वेळी म्हणत होता, "चिंतामणीची पंचाईत आहे बे रशीद्या, सारेच येऊन राह्यले."

मराठीत तुही जबान म्हणजे नुसती जिलेबी. 'कार्यसम्राट', 'विकासाचा महामेरू', 'गोरगरिबांचा कैवारी'. पक्षवाल्यायनं जो कागद देला तो तू वाचत होता, वर आपल्या पदरचं दोन शब्द टाकत होता. एकाच दिवशी एकाच चौकात तू दोघा जणायले गोरगरिबायचा कैवारी केलतं. पानठेलेवाला म्हणे, 'धनूभाऊ, सकाळी तर तो दुसरा होता.' तू म्हणाला, 'गोरगरीब लय आहेत. एका कैवाऱ्यानं भागत नाही.'

पण तांडा आला की तू बदलत होता. हे बाहेरच्या माणसाले कसं समजावं? तुम्ही गोर लोक, म्हणजे बंजारे, तुमची बैलायच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरण्याची पिढी कधीची संपली, आता शेती करून आपापल्या तांड्यात राहता, पण तांड्याची रीत तांड्याचीच. जीप मी वेशीच्या बाहेर थांबवत होतो. भोंगा बंद. तू एकटा पायी तांड्याच्या मुखियाच्या, नायकाच्या घरी जात होता. राम राम, पाणी, चार गोष्टी. नायकानं मान हलवली की मग तू हात वर करत होता, आणि मग मी गाडी आत घेत होतो. मागं उमेदवार हार घालून उन्हात घाम पुसत बसलेला. कितीही मोठा असो. तू कोणासाठीच ती रीत मोडली नाही.

आणि मग तू गोरबोलीत बोलत होता. मले ती बोली बोलता येत नाही, पण तुह्यासंगं फिरून कान तयार झाले, समजते सारी. याडी म्हणजे माय, हे तर पहिल्याच दिवशी समजलं. तू म्हणत होता, "याडीओ, बापूओ, हा मागं बसला तो अमका. हा खासदारकीले उभा आहे. याची निशाणी ही. मागच्या खेपेस हा आलता तेव्हा म्हणे नाल्यावर पूल बांधतो. पूल तुम्ही पाह्यला का? मी तर नाही पाह्यला. अमक्या वारी मतदान आहे. बाया-माणसं सगळे जा. ज्याले द्याचं त्याले द्या." बस. म्हाताऱ्या खुदुखुदु हासत. उमेदवार हात जोडून मान हलवे. त्याले वाटे आपली तारीफ चालू आहे. एक साहेब तर परतीच्या रस्त्यानं म्हणे, "वा धनसिंग, काय रिस्पॉन्स आहे!" मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून हासत होतो, तर तू माह्या मांडीले चिमटा घेतला. गाडी नालीत जाता जाता राह्यली.

त्याचं कारण तू मले एकदाच सांगतलं. तुहं पहिलंच इलेक्शन होतं, तू पोरगा होता, भोंग्यावर आपला आवाज ऐकून हवेत होता. कागदावर लिहिलं होतं की तांड्यात हातपंप येईन. तू ते तसंच्या तसं गोरबोलीत सांगतलं, आपल्याच तांड्यात. पंप काही आला नाही. उन्हाळ्यात तुही याडी डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवरून आली, हंडा उतरवला आणि म्हणाली, "ते लोक बोलले, तर बोलले. तू कायले बोलला?" रागानं नाही म्हणाली. नुसतं विचारलं. तेव्हापासून तू ठरवलं, की मराठीत पोट भराचं, आणि घरच्या बोलीत जे डोळ्यानं दिसते तेवढंच बोलाचं. आणि एक. गोरबोलीत कोणाचंच नाव घेऊन 'याले मत द्या' म्हणाचं नाही.

पक्षवाल्यायले हे मालूम नव्हतं असं थोडीच! हळूहळू झालं. एका एजंटनं कोणाकडून तरी अर्थ लावून घेतला आणि माह्या गॅरेजवर येऊन आरडाओरडा केला, की आमचंच खाता आणि आमचीच बदनामी करता. तू पाना हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "बदनामी काय केली जी? मी रस्त्याचं बोललो. चला, मले रस्ता दाखवा, मी तोही भोंग्यावर सांगतो." तो गेला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुलेच घेऊन गेला. कारण तुही जीप गेली नाही तर तांड्यातले म्हणत, 'धनूनं नाव नाही घेतलं, म्हणजे तो उभाच नसन.' तू शिव्या देल्या तरी चाले, पण तू नाव घेतलं पाह्यजे.

आता तुहं-माहं खरं भांडण. ते मिटलंच नाही, आणि मी काही मेलेल्या माणसापुढे नमतं घेणाऱ्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या एका खेपेस जो उभा होता तो तुमच्याच समाजातला होता, गोरबोली बोलणारा, शिकलेला, माणूस चांगला. त्याच्यापुढे तुही चलाखी चालणार नव्हती. तो आपल्या जीपमधे बसला आणि हात जोडून तुले म्हणाला, "भिया, बाकीच्यायचं सोड. मी तर आपला. माह्यासाठी एकदा तरी म्हण, की याले द्या." तू म्हणाला, "तुमचं जे खरं आहे ते सारं सांगतो. तेवढं म्हणाले नका सांगू." तू त्याचं सारं चांगलं सांगतलंही, मन लावून सांगतलं, आणि शेवटी तेच, 'ज्याले द्याचं त्याले द्या.' तो पडला.

मी तुह्यावर असा भडकलो होतो! चहाच्या टपरीवर सगळ्यायसमोर म्हटलं, अबे, तुले सारं दिसते. कोण चोर, कोण बरा, तू जीपच्या आतून पाहते. तांड्यातल्या माणसाले ते दिसत नाही. मग सांगून टाक ना! कायची शरम? तू बशीत चहा ओतला, फुंकला, आणि म्हणाला, "मी सांगतलं तर ते देतीन रे. तेच तर भेव आहे. मग ते मत माहं होईन, त्यायचं नाही." मी म्हटलं, हे सारं बोलाले बरं. तू म्हणाला, "हो, बोलाचंच काम आहे माहं." त्यावर सगळे हासले, आणि मी पैसे न देता उठून आलो. आजही मले वाटते, मीच बरोबर होतो. एखाद्या वेळी माणसानं सांगून टाकावं.

मग ते नवे मतदारसंघ आले. एका जिल्ह्याचे तीन वाटे. आपलं यवतमाळ वाशिमले जोडलं, वणी-मारेगावकडचा भाग चंद्रपुरात गेला, उमरखेड हिंगोलीत. मारेगावकडच्या ज्या तांड्यायत आपण इतकी वर्षं यवतमाळच्या उमेदवाराचं नाव घेऊन गेलो, तिथं आता चंद्रपूरचं नाव घ्याचं होतं. पहिल्याच खेपेस तुही जीभ घसरली, सवयीनं यवतमाळवाल्याचं नाव निंगालं, आणि नायक म्हणाला, "धनू, तो तर आमच्या मशीनीतच नाही." तू भर उन्हात जीपच्या बोनेटवर खडूनं जिल्ह्याचा नकाशा काढला आणि त्यायले समजावत बसला, की कचेरी यवतमाळले, पण खासदार चंद्रपूरचा. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे अर्ज एकीकडे आणि रडणं दुसरीकडे." तू ते वाक्य पुढं सगळ्या तांड्यायत वापरलं. बोनेटवरचा तो खडू मले दोन वेळा पुसावा लागला, ते सांगतोच.

आणि एक गोष्ट, जी मी तुले कधी बोललो नाही. मधे एका इलेक्शनात भाषणं अशी व्हाले लागली, की चौकात भोंगा वाजला की माह्यासारख्यानं मान खाली घालून गॅरेजचं शटर अर्धं ओढावं. त्यातलाच एक कागद तुह्याकडे आला. मी गाडीखाली होतो, तेल गळत होतं. तुले वाटलं मले ऐकू येत नाही. तू कागद वाचला, घडी केली, आणि आणणाऱ्याच्या खिशात परत घातला. म्हणाला, "हे मी मराठीतही नाही बोलत. घेऊन जा." तो म्हणाला, दुसरा कोणी बोलन. तू म्हणाला, "बोलू दे. त्याचं तोंड त्याच्याजवळ." त्यानंतर तू वाकून मले विचारलं, "झालं का बे? की झोपला तिथंच?" मी म्हटलं, झालं. काहीच झालं नव्हतं. मी गाडीखाली तोंड पुसत पडलो होतो. तेव्हाच तुले बोलाले पाह्यजे होतं, पण आपल्यात तशी सवय नव्हती. आता बोलतो. तू होता म्हणून मी त्या वर्षी हे गाव सोडलं नाही.

मग तुहा गळा बिघडला. नागपूरले ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गेला म्हणजे पार गेला नाही, कुजबुज राह्यली, पण ती माह्यासारख्यानं कान तोंडाशी नेला तरच समजे. तू रोज गॅरेजवर येऊन जुन्या टायरवर बसत होता. लोक म्हणत, काय धनूभाऊ, औंदा इलेक्शन कोरडं जाईन. तू हात हलवून हासत होता. मले वाटलं तुले जड जाईन, पण तू तर मस्त होता. एकदा माह्या कानाशी म्हणाला, "बरं झालं रशीद्या. औंदा मराठीतही खोटं बोलावं लागत नाही."

आणि मग ती दुपार. चैत्राचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. एक नवी कोरी गाडी आली, मागं टीव्हीएवढा पडदा, त्यावर उमेदवाराचा फोटो, आणि स्पीकरमधून तुहा आवाज. तुहा! तोच खरखरीत, तोच 'याडीओ, बापूओ' म्हणताना शेवटी उचललेला. गोरबोलीत. मी पाना खाली टाकला. मले वाटलं जुनी टेप असन. पण मग तो आवाज म्हणाला, की मी धनसिंग, माही तब्येत बरी नाही, मी येऊ शकत नाही, पण या माणसाले मत द्या, माह्यासाठी द्या.

तू उठला. तू त्या गाडीमागं धावला बे, त्या वयात, त्या बिमारीत, टाके ओले असताना. तोंड उघडून ओरडत होता आणि आवाज नव्हता. तुह्याच आवाजानं समोर गल्ली भरली होती आणि तुह्या तोंडातून नुसती हवा. मी मागून येऊन तुले धरलं. ड्रायव्हरले थांबवलं. तो बिचारा भाड्याचा माणूस, म्हणे, "मले वरून पेनड्राइव्ह देला, मले काय मालूम कोण आहे." माह्या नातीनं संध्याकाळी समजावून सांगतलं, की मोबाइलवर लोकायजवळ तुहे जुने व्हिडिओ होते, त्यातून कंप्युटरवर आवाज बनवता येते, मग त्याच्याकडून पाह्यजे ते बोलवून घ्या. तू ते ऐकलं आणि माह्या कानाशी एवढंच म्हणाला, "गोरबोलीतही येते त्याले?"

तिथून आपलं शेवटचं भांडण. मी म्हटलं, तक्रार करू, इलेक्शनच्या साहेबाकडे. तू म्हणाला, नाही, गाडी काढ, तांड्यायत जाऊ, लोकायले सांगू की तो मी नाही. मी म्हटलं, तू बोलणार कसा? आणि मले गोरबोली येत नाही. कागदावर तक्रार झाली तर ती गाडीच बंद होईन. तू मान्य केलं, पण तुह्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मन नाही. साहेब चांगला होता. खुर्ची देली, पाणी देलं, अर्ज घेतला. विचारलं, हा आवाज तुमचा नाही हे कशावरून? तू तोंड उघडून दाखवलं. त्यानं अर्जावर शिक्का मारला. म्हणाला, चौकशी करतो. त्याच सांजेले प्रचार बंद झाला, गाड्या आपोआप उभ्या राह्यल्या, आणि मग मतदान. मी आजही म्हणतो, तक्रारच करणं बरोबर होतं. तू आजही म्हणशीन, तांड्यात जाणं बरोबर होतं. आता यात तिसरा कोण बोलणार?

मतदान झाल्यावर मी म्हटलं, चाल आता, जाऊन सांगून येऊ. तू मान हलवली नाही. "आता काय? मत तर गेलं," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तू तुह्या तांड्यात पाय टाकला नाही. तांड्यातले लोक तुले पाहाले नेरले आले, आणि तू झोपेचं सोंग घेतलं. तुले वाटलं, ते मनात म्हणत असतीन, धनूनं शेवटी जबान विकली. मी तुले कितीदा म्हटलं, अबे, भेट तरी. तू डोळे मिटून घेतले. असे कितीतरी महिने गेले, आणि मग तूच गेला.

माती तुह्या तांड्यातच झाली. सरण विझत आलं तेव्हा आम्ही नायकाच्या घरासमोर कडुनिंबाखाली बसलो होतो. सकरी याडी माह्या बाजूले येऊन बसली. तुही याडी कामाले जात होती तेव्हा जिनं तुले सांभाळलं तीच, आता कमरेत पार वाकली. रडत नव्हती. उलट चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाली, "मिस्त्री, एक लय बरं झालं. आमचा धनू रिकाम्या हातानं नाही गेला."

मी म्हटलं, म्हणजे काय, याडी?

"जिंदगीभर आला तो. कोणाचं नाव घेतलं, कोणाची निशाणी सांगतली. पण हे द्या, याले द्या, असं कधी मागतलं नाही. औंदा त्यानं पहिल्यांदा मागतलं."

नायक म्हणाला, "तांड्यात दोन गट होते जी. मीच मिटवले. म्हटलं, ज्यानं कधीच मागतलं नाही त्यानं मागतलं, म्हणजे त्याची काहीतरी अडचण असन. बिमार आहे. काहून म्हणून विचारू नका. देऊन टाका. साऱ्या तांड्यानं त्यालेच देलं, एकूण एक माणसानं. तो निवडून आला का पडला, त्याच्याशी आम्हाले काय कराचं? धनूनं मागतलं, आम्ही देलं."

"तेच सांगाले नेरले आलतो आम्ही," सकरी याडी म्हणाली. "पण तो निजला होता. मी म्हटलं, उठवू नका. त्याले मालूम असन."

धनसिंग, माह्या हातातला पाण्याचा गिलास तसाच राह्यला. तू भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि हे लोक तुह्या दारात हे सांगाले उभे होते. मले तेव्हा एवढा राग आला तुह्यावर, की सरणावरून उठवून थोबाडीत मारावी वाटली. आणि त्याच वेळी जिभेवर आलं होतं, 'हो याडी, लय खुश होता तो.' एवढं म्हणालो असतो तर सगळ्यायचं भागलं असतं. मराठीत म्हणालोही असतो. मराठीत मी आणि तू मिळून याच्यापेक्षा मोठं खोटं रोज बोललो.

पण ती माह्याकडे पाहून राह्यली होती, आणि मी तिले तिच्याच बोलीत जवाब देला. मोडकातोडका. तुह्याकडून कानानं जेवढं उचललं होतं तेवढा. मी म्हटलं, "याडी, ऊ वात धनसिंगेर कोनी." ते बोलणं धनसिंगचं नव्हतं. मग मराठीत सारं सांगतलं, मशीनचं, पडद्याच्या गाडीचं, तू कसा मागं धावला त्याचं, आणि तू झोपला नव्हता त्याचंही. नायकानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडेच पाहत बसला.

सकरी याडीनं धुराकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यानं आम्हाले काहीच मागतलं नाही?"

मी म्हटलं, नाही, याडी. काहीच नाही.

"मग आम्ही त्याले काहीच देलं नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा रडाले लागली. तोपर्यंत रडली नव्हती.

तू म्हणत होता, तांड्यात जाऊन सांग. सांगतलं. तुह्या एका तांड्यात सांगतलं. खरं बोलून मी एका म्हातारीच्या हातातलं होतं नव्हतं ते काढून घेतलं, आणि यावर तुले काय म्हणाचं आहे ते ऐकाले तू नाही. दारव्ह्याकडचे, दिग्रसकडचे तांडे राह्यले आहेत. ती गाडी तिकडंही फिरली होती. तिथंही कोणी सकरी याडी असन, तुह्या नावानं समाधानात बसलेली, आणि मी वेशीवर गाडी थांबवून पायी नायकाच्या घरी गेलो की तिचंही तोंड असंच उतरन. मले मालूम आहे. नात म्हणते, 'नाना, नका जाऊ, राहू द्या त्यायच्याजवळ.' तिचंही काही चूक नाही.

सकाळी जातो.